घंटीची वाटी

आप्पा फौजेतून निवृत्त होऊन सांगलीत राहायला आले, तरी त्यांना सगळं गाव पलटणच वाटायचं. मी पळायला लागले तेव्हा पस्तिशीची होते, एका मुलीची आई. तरी वडील म्हणून ते पहाटे सायकल काढून माझ्या मागं निघायचे. बारा महिने. उन्हाळ्यात हरिपूर रस्त्यावरच्या चिंचांखालून. पावसाळ्यात कृष्णा रस्त्यावर आली की विश्रामबागेकडे. हळदीच्या दिवसांत मार्केट यार्डावरून, शिंकत.

त्यांचा नियम एकच होता. "पळणाऱ्यानं मागं बघायचं न्हाई. चाल मोडती. मी हाय मागं." आणि ते आहेत हे मला कळावं म्हणून विजेच्या प्रत्येक खांबाला ते सायकलची घंटी वाजवायचे. एकदा वाजली म्हणजे सगळं ठीक. दोनदा वाजली म्हणजे मागून गाडी येतेय, कडेला हो.

पुढे साताऱ्याच्या घाटातल्या शर्यतीसाठी मी एका ग्रुपबरोबर पळायला लागले. सगळ्यांच्या पायात महागडे बूट, मनगटावर घड्याळं, आणि मागं माझे आप्पा खांबाखांबाला ट्रिंग. बायका हसल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे आज कळतं. त्या दिवशी घरी येऊन मी तडकलेच.

"आप्पा, ती घंटी बंद करा हो. दूधवाला मागं लागल्यासारखं वाटतं."

दुसऱ्या दिवशी घंटीची वरची वाटी गायब होती. हँडलवर नुसती खालची चकती आणि अंगठ्यानं दाबायची पट्टी राहिली होती. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

शर्यतीच्या आधीचा तो रविवार. थंडी होती, नदीवरून धुकं आलेलं, आणि आम्ही दोघंच होतो. मी हरिपूरच्या संगमापर्यंत एका दमात गेले. घड्याळ बघितलं तर इतक्या लवकर मी कधीच पोचले नव्हते. दाखवायला वळले, तर मागं कोणी नाही. चहाला थांबले असणार म्हणून माझं डोकं फिरलं. घाटाच्या पायरीवर बसून, आले की त्यांना काय काय सुनवायचं ते मी ठरवत राहिले.

परत फिरले तेव्हा एका चिंचेखाली चार माणसं उभी होती. आप्पा बुंध्याला टेकवलेले. सगळं संपलं होतं. हॉस्पिटलात त्यांच्या वस्तू हातात दिल्या, त्यात स्वेटरच्या खिशातून निघालेली घंटीची वाटी होती. रोज बरोबर घेऊन येत होते. मी ती मुठीत धरून हमसून हमसून रडले.

दहाव्याला, त्यांना सायकलवरून उतरवून घेणारे वैरणवाले म्हातारबाबा घरी आले. आप्पांच्या फोटोला हात जोडले आणि म्हणाले, "ताई, येक इचारू? त्यास्नी बोलता येत न्हवतं. पाय टेकून उभं हुतं, पर हँडल काय सोडंनात. अंगठ्यानं ती पट्टी सारकी दाबत हुते. आमाला काय उमगंना. काय पायजे हुतं वं त्यास्नी?"

मी त्यांना पाणी दिलं. एकेकदा दाबत होते की दोनदोनदा, एवढंच मला विचारायचं होतं. ते विचारायची हिंमत मला झाली नाही.