चतुराबाईंची फोडणी आणि नानासाहेबांची खिडकी

घर चांगलं की वाईट, हे चतुराबाई दार-छप्पर बघून ठरवत नसत. भाड्याची खोली बघायला निघालेली एखादी नवी सून सल्ला विचारायला आली, की त्या म्हणायच्या, "आधी धूर कुठनं जातोय ते बघ. माणूस दारातनं जातंय. धुराला दार कळत नाय."

हे शहाणपण त्यांना औरंगपुऱ्यामागच्या बोळातल्या एका खोलीनं शिकवलं होतं. लग्न होऊन त्या लासूर स्टेशनहून शहरात आल्या, तेव्हा नवरा बन्सी छावणीतल्या एका ठेकेदाराकडं गाडीवान होता. बिऱ्हाड होतं नानासाहेबांच्या घरात. नानासाहेब निजामाच्या अमलात तहसिलीत पेशकार, म्हणजे बडे कारकून होते. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, पण त्यांच्या आवाजातली पेशकारी काही गेली नाही. बोळाकडच्या बाजूला भाड्याची खोली, मध्ये अंगण, अंगणाला लागून ओसरी आणि मागं नानासाहेबांचं स्वयंपाकघर, त्यातच देवघर, अशी घराची रचना होती. चतुराबाईंच्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती अंगणात उघडत असे. चूल त्या खिडकीखाली.

बन्सीला पहाटे कामावर जायचं असे. त्यामुळं त्याआधीच भाकरी आणि लसणाचा ठेचा, कधी हिरव्या मिरचीच्या आमटीला सढळ फोडणी. नेमकं त्याच वेळी नानासाहेब पूजेला बसत.

"चतुराबाई, देवाला लसूण चालत नाही हो," ते ओसरीवरून म्हणत.

"देवाला कुठं वाढलाय? आमच्या धन्याला वाढलाय," चतुराबाई आतून म्हणत. वय लहान होतं, जीभ मोकळी होती.

पहिलटकरीण म्हणून त्या माहेरी गेल्या. तीन महिन्यांची आवडा कडेवर घेऊन परत आल्या, खोलीत शिरल्या आणि आधी त्यांना वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच्या घरात आलो. दिवसाढवळ्या अंधार होता. खिडकीच्या जागी विटा होत्या. वरून गिलावा, त्यावर चुना.

"ही भिंत कवा झाली?" त्यांनी बन्सीला विचारलं.

"तू गेल्यावर दुसऱ्याच दिशी. त्यांचं घर हाय, आपण भाडेकरी."

"आन् तू बघत व्हतास?"

बन्सीनं पागोटं काढून खुंटीला अडकवलं. त्यालाच उत्तर म्हणायचं.

चतुराबाई तशाच लेकरासकट अंगणात गेल्या. "नानासाहेब, ह्या बारक्या जिवाला घेऊन धुरात कशी बसू मी?"

नानासाहेबांनी जपमाळेवरून नजर उचलली नाही. "दार उघडं ठेवा की. दार कशाला असतं?"

दार बोळात उघडायचं. उघडं ठेवलं तर येणारा-जाणारा डोकावे, लावलं तर धूर छताला लागून खाली उतरे. पावसाळ्यात ओली लाकडं. आवडाच्या छातीत पिपाणी वाजायला लागली, ती कायमची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात हवा येते ना?" चतुराबाई म्हणाल्या, "येत व्हती."

त्यांनी शिव्याशाप दिले नाहीत. तोंडानं शापणाऱ्या बाईला कुणी घाबरू नये. भाकरी थापता थापता जी गप्प होते, तिला घाबरावं.

वर्षभरात त्यांनी ती खोली सोडली. कॉलेजातल्या पोरांना जेवण करून घालायला लागल्या. पैठणची, वैजापूरची, गंगापूरकडची पोरं. त्यांना घरची आठवण यायची ती लसणाच्या चुरचुरीतनं. एक पोरगा चार आणायचा. ज्या वासापायी खिडकी गेली, त्याच वासावर खानावळ उभी राहिली. बन्सीची गाडीवानी सुटली, तो भाजी आणायला आणि पंगत वाढायला लागला, आणि खानावळीच्या हिशेबात एक गोष्ट मात्र चतुराबाईंनी कुणालाच सांगितली नाही: हा पैसा कशासाठी साठतोय ते.

नानासाहेबांच्या घरामागं एक मोकळी जागा होती. मालक पोलीस ॲक्शननंतर हैदराबादला निघून गेले होते. नानासाहेबांच्या स्वयंपाकघराची खिडकी त्या जागेवर उघडायची. तिथून त्यांच्या घरात उजेड यायचा, वारा यायचा, आणि तिथूनच कालिंदीबाई, म्हणजे त्यांची बायको, खरकटं पाणी फेकायच्या. ही जागा दुसरं कोण घेणार? सीताफळ झाडावर पिकलं की आपोआप पदरात पडेल, अशा थाटात नानासाहेब वर्षानुवर्षं थांबले होते.

चतुराबाई थांबल्या नाहीत. बन्सीला घेऊन हैदराबादला गेल्या आणि जागेचा खरेदीचा कागद करून आल्या. नानासाहेबांना कळलं ते हद्दीचे दगड रोवले तेव्हा.

घर बांधायला फकिरा गवंडी होता. त्यानं विचारलं, "स्वयंपाकघर कुठं घ्यायचं, मावशी?"

"तिकडं. त्यांच्या खिडकीसमोर. आन् चुलीवर ही भली मोठी खिडकी. धुराला ऐसपैस वाट पाहिजे."

आपल्या भिंतीत आणि हद्दीत त्यांनी दोन हात जागा सोडली. वास्तुशांत झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडं पूजेची घंटा वाजली, तशी चतुराबाईंनी कढई ठेवली. तेल तापलं. ठेचलेल्या लसणाची मूठ आत पडली, वर लाल मिरच्या. दोन्ही खिडक्या समोरासमोर. नानासाहेब शिंकत शिंकत खिडकीशी आले.

"चतुराबाई, पूजा चालू आहे इथं!"

"चालू द्या की. माझी बी चालूच हाय."

"हे मुद्दाम आहे."

"व्हय." चतुराबाईंनी झारा कढईच्या काठावर आपटला. "दोनातलं एक सांगा. वास नको आसंल तर हद्दीवर भिंत चढवते, तुमच्या खिडकीला लागून. उजेड पाहिजे आसंल तर फोडणी बी येणार. तुमी मला इचारलं नव्हतं, मी इचारते हाय."

चौदा वर्षांनी का होईना, नानासाहेबांना चुन्याची ती भिंत आठवली असणार. पण मान वाकवायची सवय त्या मानेला नव्हती. "चढवा भिंत!" ते म्हणाले आणि खिडकीपासून बाजूला झाले.

भिंत चढली. शेवटची वीट चतुराबाईंनी फकिराच्या हातातून घेऊन स्वतः बसवली. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली. पुढं दोन-तीन दिवसांत भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज यायला लागला. कोळशाची शेगडी, एकच दार, धुराला बाहेर पडायला वाट नाही. चतुराबाईंना न बघता सगळं दिसत होतं. पोरगी अभ्यास करत बसलेली. तिला म्हणाल्या, "आवडे, ऐकतीस का? पिपाणी आता तिकडं वाजायला लागली."

आवडा म्हणाली, "आई, हा बाईमाणसाचा खोकला आहे."

चतुराबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आठवड्याभरात कालिंदीबाई दारात उभ्या राहिल्या. पदर तोंडाशी, डोळे लाल. बसा म्हणायच्या आधीच बोलायला लागल्या. "देव त्यांनी ओसरीवर हलवले. पाट पण तिथंच. छान वारा येतो ओसरीवर. आत फक्त मी असते."

चतुराबाईंच्या हातातलं निवडायचं सूप थांबलं. एवढ्या वर्षांच्या जपलेल्या रागाला नानासाहेबांचं तोंड होतं. तो बाण भलत्याच छातीत गेला होता. पण त्या लगेच विरघळल्या नाहीत. "माझी खिडकी बुजवली, तवा तुमी कुठं व्हता, माई?"

कालिंदीबाई म्हणाल्या, "घरातच. गवंड्याला चहा मीच करून दिला."

"खोटं बोलला नाय, बरं झालं. खोटं बोलला असता तर आजच्या आज वर आणखी चार थर चढवले असते." चतुराबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "माझी भिंत पाडते. पर विटेला वीट. तुमी तिकडं माझ्या जुन्या खिडकीतली एक काढायची, मी हिकडं एक काढणार. तुमच्या हातानं. गवंडी नाय लावायचा."

"ते परवानगी देणार नाहीत."

"मला कुणी मागितली व्हती? मी माहेरी गेल्यावर काम उरकलं तुमी. त्यांना बी कुठंतरी जाऊ द्या."

नानासाहेब गंगापूरला भाच्याच्या लग्नाला गेले. त्या दिवशी भाड्याच्या खोलीत नवीन बिऱ्हाडकरीण दगडाबाई चूल विझवून, डोळे पुसत बसली होती. मालकीणबाई पदर खोचून, हातात पहार घेऊन आल्या, तेव्हा ती घाबरून उठली. "घर खाली करायचं का, माई?"

"नाही गं. घमेलं धर."

पहिला गिलावा पडला. मागच्या बाजूला फकिरानं भिंतीवर छन्नी ठेवली. चतुराबाई दोन्हीकडचे आवाज मोजत उभ्या होत्या. तिकडं वीट पडल्याशिवाय इकडं पडू देत नव्हत्या. कालिंदीबाईंच्या हाताला फोड आले, पण पहार त्यांनी दगडाबाईकडं दिली नाही. दुपार कलताना अंगणातल्या उन्हाचा एक पट्टा थेट दगडाबाईच्या चुलीवर येऊन पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानासाहेब परतले. अंगणात उभे राहून त्यांनी ते भगदाड बघितलं, मग आतल्या खिडकीतून येणारा उजेड बघितला.

"कुणाला विचारून हे?"

दोन हातांवरच्या आपल्या खिडकीत चतुराबाई श्वास रोखून ऐकत होत्या.

"वास आला तर दार लावून घ्या," कालिंदीबाई आतून म्हणाल्या. "दार कशाला असतं?"

 नानासाहेब ओसरीवर जाऊन पाटावर बसले आणि घंटा उचलली. तेवढ्यात अंगणाकडच्या नव्यानं उघडलेल्या खिडकीतून दगडाबाईच्या ठेच्याचा वास आला. ते ताम्हण-पळी घेऊन आत, स्वयंपाकघरातल्या जुन्या देवघराच्या जागी गेले.

पाडलेल्या भिंतीच्या विटा चतुराबाईंनी विकल्या नव्हत्या. नानासाहेबांच्या खिडकीखाली, त्यांना दिसतील अशा, नीट रचून ठेवल्या होत्या. विटांकडं एकदा बघून त्यांनी तेल तापवलं. लसणाचा एक गड्डा घेतला, जरा विचार केला, आणि दुसराही सोलायला घेतला.