अप्पांच्या बुडाखालचं ऊन

पौष पौर्णिमेच्या पहाटे, गंगास्नान करून नुकत्याच पवित्र झालेल्या माझ्या एकाहत्तर वर्षांच्या वडिलांना मी खालून भाजलं.

मुद्दाम नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या वसुधाने (ही माझी बायको, माहेर पुण्याचं) ही गोष्ट आजवर इतक्या जणांना सांगितली आहे की बनारसमधली अर्धी मराठी मंडळी मला बघितल्यावर आधी अप्पांच्या तब्येतीची चौकशी करतात, मग माझ्या. चौऱ्याण्णव-पंच्याण्णव सालची गोष्ट आहे. आता अप्पांनीही माफ केलं आहे. म्हणजे, तसं ते म्हणतात.

अप्पांनी पस्तीस वर्षं एका इंटर कॉलेजात संस्कृत शिकवलं, तेही हिंदीतून. आणि त्याहून जास्त, म्हणजे चाळीस वर्षं, त्यांनी माघस्नानाचा नेम एका दिवसानेही चुकवला नव्हता. पौष पौर्णिमा ते माघ पौर्णिमा, रोज पहाटे पंचगंगा घाटावर बुडी, आणि बुडी मारल्यापासून घरची पूजा संपेपर्यंत कडक मौन. आम्ही मंगला गौरीच्या गल्लीत राहत होतो तोवर काही प्रश्न नव्हता. चार पायऱ्या उतरल्या की गंगा. पण त्या वर्षी मला बँकेचं क्वार्टर मिळालं, ते थेट सिगराला. शिवाय आदल्या थंडीत, नेम संपल्या संपल्या, अप्पांना न्यूमोनिया झालेला. डॉक्टर म्हणाले की स्नानाला माझी हरकत नाही, पण परतताना गारठता कामा नये; एक जरी छींक आली तरी नेम बंद. आणि ती छींक मोजायला त्यांनी वसुधाची नेमणूक केली. पुण्याच्या माणसाला असं काम दिलं की ते किती चोख होतं, हे मी वेगळं सांगायला नको.

अप्पा महिनाभर आधीपासूनच घरात येरझाऱ्या घालू लागले. एका जागी बसवेना त्यांना. चाळीस वर्षांचा नेम एका शिंकेवर टांगलेला! मला बघवेना. मी म्हटलं, अप्पा, आपली अँबॅसेडर आहे ना? मैदागिनला गाडी उभी करू, गल्लीतून घाटावर जाऊ, परत आलात की काचा बंद करून सरळ घरी. अप्पांनी जरा विचार केला.

"येईन गाडीने. पण खाली ऊन पाहिजे. त्या रेक्झिनवर मी बसणार नाही."

आता इथे थोडं माझ्या मराठीबद्दल सांगायला हवं. आम्ही चार पिढ्या बनारसचे. आमच्या मराठीत निम्मी हिंदी. लग्नात वसुधाचे काका मला म्हणाले होते, मुलीला सुखात ठेवा. मी हात जोडून, अगदी मनापासून म्हणालो, "पूर्ण चेष्टा करीन." (हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न हो! पण मांडवात कोणाला समजावणार?) काका दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून वसुधाने माझी मराठी घासून पुसून लख्ख केली. इतकी, की अप्पा 'ऊन' म्हणाले तेव्हा माझ्या डोक्यात ऊन पाणी, ऊन भात हेच आलं. पहाटे साडेपाचला सूर्य कुठून आणणार? म्हणजे अप्पांना बसायला गरम सीट हवी होती. वसुधाचंही तेच मत पडलं.

आणि गरम सीट मी पाहिली होती. लहुराबीरला परदेशी वस्तूंच्या एका दुकानात, नेपाळमार्गे आलेला एक खोका. आत दोन काळ्या गाद्या, हातभर वायर, एक बटण, आणि कुठल्याशा भाषेतला कागद, जो वाचता येत नव्हता पण चित्रं फार समजूतदार होती. पहिल्या चित्रात एक गोरा माणूस हसत हसत सीट काढतो, चौथ्या चित्रात तोच माणूस त्यावर हसत बसतो. मधल्या दोन चित्रांत तो हसत नव्हता, हे मी तेव्हा नीट पाहिलं नाही.

गाड्यांची वायरिंग करणारा आमचा लल्लन मिस्त्री खोका बघून नुसता पान चघळत राहिला. मग म्हणाला, "भइया, पंडितजी के ठंडा लगत हौ त बोरसी रख दा." बोरसी म्हणजे मातीची शेगडी. मला राग आला. बापाच्या चाळीस वर्षांच्या नेमाचा प्रश्न, आणि हा शेगडी सुचवतो? मी म्हटलं, राहू दे, मी स्वतः बसवतो.

रविवारी सकाळी मागची सीट काढायला घेतली. सीट निघाली. (दरवाजातून बाहेर काढायला आणखी दीड तास गेला.) आत स्प्रिंगा, काथ्या, आधीच्या मालकाचा कंगवा आणि उंदराने केलेलं बाळंतपण. काथ्यावर गादी पसरली, रेक्झिन पुन्हा ओढून दाभणाने शिवलं. वायर गालिच्याखालून पुढे नेली. खोक्यातला फ्यूज माझ्याच हातून फुटला, तर घरच्या फ्यूजला घालतो तशी तांब्याची तार घातली. चांगली दुपदरी, परत परत उडायला नको म्हणून. शेवटी एक चपटं, नाण्याएवढं चकचकीत काहीतरी उरलं. मी म्हटलं, जास्तीचं दिलेलं दिसतंय. भली माणसं.

त्यालाच थर्मोस्टॅट म्हणतात, हे मला लल्लनने नंतर सांगितलं.

संध्याकाळी वसुधाला बसवून बटण एकवर केलं. दोन मिनिटांत तिचा चेहरा खुलला. लग्नानंतर माझ्या कुठल्याही कामावर ती इतकी खूश झालेली मी पाहिली नव्हती. मी तिथेच थांबलो. बटणावर दोनही आहे, आणि घाट ते सिगरा दोन मिनिटांचा रस्ता नाही, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

पौष पौर्णिमा उजाडली. म्हणजे उजाडायची होती. धुकं असं की समोरची गाय शिंगांपासून सुरू व्हायची. अप्पांनी बुडी मारली, अंग पुसलं, कोरडा रेशमी कद नेसले, शाल पांघरली आणि ओठ मिटले. मौन सुरू. मी त्यांना गल्लीतून पळवतच मैदागिनला आणलं, मागचं दार उघडलं. अप्पांनी सीटकडे पाहिलं आणि थबकले. मग माझ्याकडे पाहिलं. मग सीटकडे बोट केलं.

"आहे, आहे," मी म्हटलं, "आतून घातलंय. वरून दिसत नाही."

अप्पांच्या चेहऱ्यावर थोडं आश्चर्य उमटलं, पण बसले. गाडी सुरू करताच मी बटण एकवर केलं. आरशात पाहतो तो काय, अप्पांचा चेहरा वसुधासारखाच खुलला! डोळे मिटून त्यांनी सीटवर दोनदा थाप मारली. मला भरून आलं. जन्मात पहिल्यांदा बापाने माझ्या कामाला थाप दिली होती. मी बटण दोनवर केलं.

कबीरचौऱ्याच्या अलीकडे अप्पा चुळबुळ करायला लागले. आधी या मांडीवर, मग त्या मांडीवर. मग मागून "हूं!" असं आलं. मी आरशात पाहिलं तर ते तळहात खालीवर करत होते. मी समजलो, हळू चालव म्हणतात. मी हळू केलं. "हूंऽऽ!" मी आणखी हळू केलं. आता आमच्या पुढे सायकल रिक्षा जाऊ लागल्या. अप्पा सीटवरून उठून, डोकं छताला लावून, वाकून उभे राहिले आणि माझ्या खांद्यावर बुक्क्या मारू लागले. एवढं होऊनही तोंडातून शब्द नाही! चाळीस वर्षांचं मौन होतं, ते काय साध्या चटक्याने मोडणार?

जळका वास मला येत होता. पण थंडीत बनारसमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर शेकोट्या पेटलेल्या असतात, मी म्हटलं त्यांचाच असेल. मग धूर पुढच्या सीटपर्यंत आला. मी बटण बंद करायला गेलो. बटण वितळून दोनवरच चिकटलं होतं. ब्रेक दाबला, आणि गाडी पुरती थांबायच्या आत अप्पा रस्त्यावर.

धुक्यात, रेशमी कदात, ओल्या जटांसारखे केस, भस्माचे पट्टे, आणि मागून निघणारा धूर. समोरून गावाकडच्या बायांचा जथा स्नानाला चालला होता. त्यांनी क्षणभर पाहिलं आणि सगळ्याजणी वाकल्या. एकीने तर झेंडूचं फूल वाहिलं. "बाबा सिद्ध हउवन," कोणीतरी हळूच म्हणालं. अप्पा मुकाट्याने एका हाताने आशीर्वाद देत होते, दुसऱ्या हाताने बूड झोडपत होते. इकडे मी बॅटरीची वायर उपटली. एवढ्यात चहावाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने कपबशा विसळायची बादली उचलली आणि अप्पांवर मागून रिकामी केली.

विझले. पण सोवळंही गेलं. उष्ट्या कपांचं पाणी! अप्पांनी डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा मौन मोडलं.

"गधे! ऊन म्हटलं होतं मी तुला!"

"ऊनच केलं की, अप्पा. जरा जास्त झालं."

"अरे, ऊन! भेड़ की ऊन! सोवळ्यात रेक्झिनवर बसू का मी? खाली घोंगडं टाक, एवढंच म्हटलं होतं!"

मी रस्त्यात तसाच उभा. लोकर! हिंदीत ऊन म्हणजे लोकर, हे मला जन्मल्यापासून माहीत होतं. वसुधाने मराठी घासली त्यात तेवढं नेमकं पुसलं गेलं. घरात तीन घोंगड्या होत्या. तीन!

"मग लोकर म्हणायचं होतं ना, अप्पा," मी कसाबसा म्हणालो. त्यावर ते जे बोलले ते संस्कृतात होतं, त्यामुळे इथे देता येत नाही.

आता सोवळं मोडलं, मौन मोडलं, म्हणजे स्नान पहिल्यापासून. गाडी चहावाल्याच्या हवाली केली. रिक्षात अप्पांना बसवेना, म्हणून आम्ही चालतच परत घाटाकडे निघालो. कदाला मागे भोक पडलं होतं. ते झाकायला मी माझा स्वेटर काढून त्यांच्या कमरेला बांधला. घाटावर पायरी निसरडी, भाजल्यामुळे अप्पांना वाकवेना, म्हणून त्यांना धरायला मीही कमरेएवढ्या पाण्यात उतरलो. बर्फ हो नुसता! पाण्यात मला एकच भीती होती: यांना शिंक आली तर नेम मी मोडला. डॉक्टरांनी नाही, गंगेने नाही, मी.

घरी वसुधा दारातच उभी होती. तिने आधी अप्पांचं नाक बघितलं, मग कदाचं भोक बघितलं, मग मला बघितलं. आणि कोरफड कापायला वळली. (मौन त्या दिवशी सगळ्यांनीच धरलं.) अप्पांच्या मांड्यांवर मागून दोन लाल चट्टे होते, त्यावर कोरफड लावली. अप्पा तीन दिवस पोटावर झोपून जप करत होते, फक्त स्नानापुरते उठायचे. आणि आम्ही दोघं दाराआडून कान लावून बसायचो. अप्पांनी नाक जरी ओढलं तरी मी दार किलकिलं करून आत डोकवायचो.

तिसऱ्या दिवशी शिंक आली. सणसणीत, लागोपाठ सात.

माझी.

डॉक्टरांनी अप्पांची छाती तपासली, ठणठणीत. माझी तपासली आणि मान हलवली. मग वसुधाकडे वळून म्हणाले, याला महिनाभर पहाटे बाहेर सोडायचं नाही. अप्पांसाठी एक नेहमीचा रिक्षावाला ठरला, त्याच्या सीटवर घोंगडी अंथरली गेली, आणि नेम बिनबोभाट पार पडला. मी पांघरुणात खोकत पडून त्यांच्या येण्याची चाहूल घ्यायचो.

माघ पौर्णिमेला मला घाटावर जायची परवानगी मिळाली. शेवटची बुडी झाली, पूजा त्या दिवशी अप्पांनी पायरीवरच आटोपली. मौन सुटलं. मग त्यांनी मला जवळ बोलावलं, हात पुढे करायला सांगितला, आणि माझ्या ओंजळीत गंगेचं पाणी सोडून संकल्प केला: या माघस्नानाचं अर्धं पुण्य माझ्या मुलाला.

चाळीस वर्षांत त्यांनी असं कोणाला दिलं नव्हतं. मी म्हटलं, "अप्पा, एवढं कशाला? मी काय असं केलं?"

"त्या दिवशी मैदागिन ते कबीरचौरा माझं मौन होतं ना," अप्पा शाल झटकत म्हणाले, "तेव्हा मनातल्या मनात तुला जे जे बोललो, त्याचं प्रायश्चित्त. अर्ध्यात भागेलसं वाटत नाही. पुढच्या माघात उरलेलं बघू."