हॉलंडच्या सहलीला गेलेली कूलरची किल्ली

मी आयुष्यात बरेच मूर्खपणे केले, पण विमानात बसवून परदेशी नेला तो एकच. ऐन मे महिन्यात मी आमच्या धरमपेठेतल्या घराचा एकुलता एक कूलर खोलीत कोंडला, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकून हॉलंडला निघून गेले. मागे घरात पाहुणे राहणार होते.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आमचे हे कळमेश्वरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. तिथे हॉलंडहून मशीन आलं होतं. ते बसवायला तिकडचा इंजिनिअर बायकोला घेऊन महिनाभर इकडे येणार, आणि त्याचं शिक्षण घ्यायला हे मला घेऊन तिकडे जाणार. दोघांनी पत्रापत्री करून ठरवलं, तुम्ही आमच्या घरात राहा, आम्ही तुमच्या.

मी तेव्हा पस्तिशीची, आणि स्वतःला फार व्यवहारी समजत असे. गोऱ्या बाईने घराला नावं ठेवू नयेत म्हणून पडदे धुतले, नवा माठ आणला, आणि माझ्या बी.ए.च्या इंग्रजीत एक कागद लिहून भिंतीला लावला. कूलरमध्ये सकाळ-संध्याकाळ पाणी भरावे, वाळ्याच्या ताट्या कोरड्या पडू देऊ नयेत, कूलरशिवाय नागपुरात मे निघत नाही. शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या. मग ऐन निघताना व्यवहारी बाई पुन्हा जागी झाली. पैठणी, चांदीची भांडी, एवढंच काय कैरीच्या लोणच्याची बरणी, सगळं आतल्या खोलीत रचलं आणि कुलूप ठोकलं. कूलर त्याच खोलीच्या खिडकीत होता. एवढ्या मोठ्या डोक्यात एवढी छोटी गोष्ट मावली नाही.

हॉलंडातलं घर बघून मी थक्क झाले. दाराची किल्ली कुंडीखाली ठेवलेली. आत एकाही कपाटाला कुलूप नाही, आरशासमोर मोत्यांची माळ तशीच पडलेली. मी ह्यांना म्हणाले, "किती बेफिकीर बाई आहे हो ही."

सुटीच्या दिवशी आम्ही प्रेक्षणीय स्थळं बघायचो. कालव्यातून बोटीत फिरलो. चीजच्या बाजारात पांढऱ्या कपड्यांतली माणसं चीजचे गोळे स्ट्रेचरसारख्या पाटावर ठेवून पळत होती, जणू एखादा गोळा आत्ताच बेशुद्ध पडलाय. दुसऱ्या रविवारी पवनचक्की पाहायला गेलो. वरच्या सज्जात गार वारा सुटला होता. ह्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "अगदी कूलरसमोर बसल्यासारखं वाटतंय."

माझा हात आपोआप पर्सवर गेला.

"अहो, आपला कूलर आतल्या खोलीत आहे."

"बरं मग?"

"त्या खोलीची किल्ली माझ्याजवळ आहे."

ह्यांनी पवनचक्कीच्या पात्यांवरून नजर काढून माझ्या पर्सकडे बघितलं. मग म्हणाले, "तिकडे आज पंचेचाळीस असेल. शेजारच्या काकूंकडे फोन कर, म्हणावं कुलूप तोडा."

"दुसऱ्याच्या फोनला न विचारता हात कसा लावायचा?" माणसं भाजून काढायला मला विचारावं लागलं नव्हतं, फोन मात्र विचारून.

"मग तार कर."

"तार बघितली की काकू वाचायच्या आधीच रडायला लागतील."

खरं सांगायचं तर मला कबूलच करायचं नव्हतं. मी काकूंना पत्र टाकलं, ते आमच्यानंतर चार दिवसांनी नागपूरला पोचलं. पुढचे पंधरा दिवस हॉलंडने मला काय काय दाखवलं, देव जाणे. संग्रहालयात लोक चित्रांसमोर माना वाकड्या करून उभे असत आणि मला त्यातल्या प्रत्येक गुबगुबीत बाईच्या जागी माझ्या बैठकीत पंख्याखाली लालबुंद होऊन बसलेली पाहुणी दिसे. ती परत जाऊन आपल्या लोकांना काय सांगेल, ह्या काळजीने मला तिच्या मऊ गादीवर झोप येईना. मग मीच माझी समजूत घालायची, त्यांनी कुलूप कधीच तोडलं असेल, न तोडायला काय वेडे आहेत?

परत आलो तेव्हा पाहुणे आदल्याच दिवशी गेले होते. घर लख्ख होतं. भिंतीवर माझा कागद होता, आणि आतल्या खोलीचं कुलूप जसंच्या तसं. ओरखडासुद्धा नाही. शेजारच्या काकू दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे न बघता मी विचारलं, "काकू, फार हाल झाले का हो त्यांचे?"

काकू उंबऱ्यावरच बसल्या. "मी हातोडा घेऊनच आली होती वं. पण ते बाई दरवाज्यासमोर उभी राह्यली, सरकेच ना. तुह्या काकायले इंग्रजीत म्हणे, ज्यायनं बंद केलं त्यायलेच उघडू द्या. महिनाभर गच्चीवर ओल्या चादरी पांघरून काढला बिचाऱ्यायनं, पण कडीले हात नाही लावू देला. आता तू मले खरं सांग, तिच्या घरात तुनं किती कपाटं उघडून पाह्यले?"