कुलाब्याच्या किल्ल्यात मिळालेला प्रसाद

देवावरचा माझा विश्वास उडाला होता असं मी म्हणणार नाही. पण दमलेल्या माणसाला देवाचाही कंटाळा येतो, हे मी अनुभवलं आहे. यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून उजवा हात गेला, बोलणं जड झालं आणि साखर तर आधीपासून होतीच. सकाळी सुई टोचायची, खायला घालायचं, काठी हातात देऊन अंगणात फिरवायचं, आणि रात्री ते खोकले तरी दचकून उठायचं. आमचं घर भाजे गावात. दार उघडलं की समोर, रेल्वेच्या पलीकडे, आई एकविरेचा कार्ल्याचा डोंगर. लोक कुठून कुठून नवस बोलून येतात, आणि आम्ही पायथ्याची माणसं उद्या जाऊ, परवा जाऊ करत राहतो. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. आजारपणाच्या सुरुवातीला मी रोज डोंगराकडे बघून हात जोडायचे. काही फरक पडेना तेव्हा मी देवीशी अबोलाच धरला. तिचं ती बघेल, माझं मी बघते, असं ठरवून टाकलं. यांना जगवायचं काम माझ्या एकटीवर आहे असं मी धरून चालले होते, आणि त्या ओझ्याखाली माझा जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

यांची एक इच्छा मात्र राहून गेली होती. चैत्रातल्या यात्रेला येणारे कोळी लोक आमच्या खळ्यावर उतरायचे. जाताना दर वेळी यांना म्हणायचे, एकदा आमच्याकडे दर्या बघायला या. हे हसून हो म्हणायचे आणि शेतावर निघून जायचे. आता बोलायला त्रास होत असताना एक दिवस यांनी बोटानं पश्चिम दाखवली आणि म्हणाले, "समुद्र." पुण्याच्या लेकीनं हे ऐकलं आणि लोणावळ्याहून भाड्याची गाडी ठरवून दिली. तिला रजा नव्हती. मी नको नको म्हणत होते. घरात यांना सांभाळताना नाकी नऊ येतात, तिथे परमुलखात काय करू? पण यांनी पहाटेच नवी टोपी घालून ठेवली होती, मग काय बोलणार.

गाडी चालवायला संतोष आला. कामशेतचा, चाळिशीचा, बोलका गडी. घाट उतरून खोपोली, पेण करत आम्ही अलिबागला पोचलो तोवर त्याच्या घरातल्या सगळ्यांची नावं मला पाठ झाली होती. त्यानं आम्हाला गावातून हिंडवलं. जुनी वेधशाळा बाहेरून दाखवली, जुन्या सरखेलांच्या समाधीपाशी गाडी थांबवली, बाजारातून सावकाश नेलं. माझं कशातच लक्ष नव्हतं. उतरवा, चढवा, पाणी द्या, यातच माझी सहल चालली होती. शेवटी किनाऱ्यावर आलो आणि समोर पाण्यातला कुलाब्याचा किल्ला दिसला. ओहोटी होती. पाणी हटलेलं, लोक चालत चाललेले, घोडागाड्या धावत होत्या. यांनी किल्ल्याकडे काठी केली आणि ती काही खाली येईना. जेवणाची वेळ जवळ आली होती, पण वाटलं, पटकन जाऊन येऊ आणि मग डबा सोडू. घोडागाडीत पाणी उडेल म्हणून माझी पिशवी मी आमच्या गाडीतच, डब्याशेजारी ठेवली. त्या पिशवीत यांच्यासाठी साखरेची पुडी कायम असायची.

घोडागाडीवाल्यानं सोडताना बजावलं होतं की लवकर परता, भरती लागेल. आम्ही माना डोलावल्या. पण खरं सांगायचं तर आम्हा तिघांनाही ते कळलंच नव्हतं. आम्ही मावळातली माणसं. आमच्याकडे पाणी चढतं ते डोंगरात पाऊस कोसळला की. आभाळ काळं झालं की इंद्रायणी फुगणार, हे लहान पोरालाही ठाऊक. इथे आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. किल्ल्यातल्या गणपतीसमोर हे जे टेकले ते उठायचं नाव घेईनात. चेहऱ्यावर असं समाधान मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. मी घाई करायला लागले तर संतोष म्हणाला, "बसू द्या की मावशी आबांना. पाऊस न्हाई, ढग न्हाई, पानी येनार कुटनं?" मलाही ते पटलं. लिंबूपाणीवाले सामान बांधून शेवटच्या गाडीनं गेले, तरी आमच्या डोक्यात उजेड पडला नाही.

दरवाजापाशी आलो तेव्हा आमच्या आल्या वाटेवर समुद्र होता. मघाशी जिथे चाकांच्या खुणा होत्या तिथे लाटा येत होत्या. आणि तेवढ्यात माझ्या हातातला यांचा हात थरथरायला लागला. कपाळावर घाम, नजर भलतीकडे. ती लक्षणं मला पाठ होती. सकाळची सुई अंगात भिनली होती, पोटात काही नव्हतं आणि साखर उतरत चालली होती. वेळेत गोड मिळालं नाही तर माणूस हातचं जातं, हे डॉक्टरांनी मला दम देऊन सांगितलं होतं. डबा समोरच्या किनाऱ्यावर, पुडी समोरच्या किनाऱ्यावर, आणि मध्ये हे पाणी.

संतोषनं विजार वर सारली आणि पाण्यात शिरला. कमरेपर्यंत गेला आणि लाटेनं त्याला आडवं केलं. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "माघारी ये! तुझी पोरं वाट बघतायत घरी!" तो परत आला आणि भिंतीला धरून लहान मुलासारखा रडायला लागला. "मावशी, माज्यामुळं झालं वो." मी यांचं डोकं मांडीवर घेतलं. हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. यांचे डोळे मिटू लागले. आणि त्या क्षणी माझ्या आत काहीतरी सुटलं. इतके दिवस घट्ट आवळून धरलेली मूठ दुखून दुखून आपोआप उघडावी तसं. नवस बोलायचंही त्राण नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "आई, माझ्याच्यानं होत नाही आता. तुझा माणूस तू सांभाळ." कुठली आई, कुठली देवी, काही मनात नव्हतं. अबोला धरल्याचंही विसरले होते.

तटाच्या आतून बायकांचा आवाज आला. दोघी कोळणी होत्या. एक वयस्कर, ठसठशीत कुंकू लावलेली, दुसरी तिची सून. किल्ल्यातल्या देवीला आल्या होत्या आणि पाणी पुरतं भरलं की त्यांच्या घरची होडी त्यांना न्यायला येणार होती. म्हातारीनं एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी नुसतं "साखर" म्हणाले. तिनं कमरेची कापडाची पुरचुंडी सोडायला घेतली. सून हळूच म्हणाली, "आये, देवीला दावला नाय अजून." त्यांच्या घरची रीत होती, यात्रेहून आणलेला प्रसाद आधी किल्ल्यातल्या देवीपुढे ठेवायचा, मगच घरात वाटायचा, तोवर गाठ सोडायची नाही. म्हातारी थांबली नाही. "देवीला मी सांगन," म्हणाली आणि गाठ दातांनी सोडली.

आत खडीसाखर होती. तिनं ती दगडावर ठेचली, बाटलीतलं थोडं पाणी घातलं आणि बोटानं यांच्या हिरड्यांना, जिभेखाली लावत राहिली. मी बघत बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच यांचं काही करणारे हात माझे नव्हते. किती वेळ गेला सांगता येणार नाही. आधी घाम ओसरला, मग ओठ हलले, मग यांनी स्वतःहून घोट गिळला. डोळे उघडून समोरच्या अनोळखी बाईकडे बघत म्हणाले, "गोड."

संतोष हसतही होता आणि रडतही होता. म्हातारीनं उरलेली साखर यांच्या डाव्या हातावर ठेवली आणि मग मला विचारलं, "कुठशी आलाव गो?" मी भाजे म्हटलं. तिला उमगलं नाही. "मळवलीजवळ. कार्ल्याच्या समोर." तिनं माझ्याकडे एकटक पाहिलं आणि जोडलेले हात कपाळाला लावले. परवाच ती कार्ल्याहून आली होती. ती खडीसाखर आईच्या पायांवरून उचललेली होती. "आईचे घरची मानसा तुमी," ती म्हणाली. "तुमचाच तुमाला दिला. मी नुसती वाहून आनला." मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि पोटभर रडले. तिनं विचारलंही नाही का रडतेस म्हणून.

त्यांच्याच होडीतून आम्ही किनाऱ्याला लागलो. डबा खाऊन यांना हुशारी आली, डॉक्टरांनाही दाखवून घेतलं. यात कुणाला चमत्कार दिसेल, कुणाला योगायोग. मी वाद घालणार नाही. हे अजून काठीवरच चालतात, उजवा हात तसाच आहे, सुई रोज टोचावी लागते. मागितलं होतं त्यातलं काहीच मिळालं नाही म्हणा ना. पण यांना मीच धरून ठेवलंय, माझा हात सुटला की संपलं, ही माझी समजूत त्या दिवशी गळून पडली. माझा हात सुटला होता, तरी हे पडले नाहीत. त्या सासूसुनांच्या पायाशी आणि आईच्या पायाशी माझं ऋण आहे. ते फेडायचं नाही, बाळगायचं.

परतीच्या वाटेवर घाट कधी चढलो मला माहीत नाही. मला झोप लागली होती. जाग आली तेव्हा गाडी आमच्या दारात उभी होती, दिवस मावळला होता आणि संतोष इंजिन बंद करून गप्प बसला होता. "उटवायला निगालतो मावशी," तो दबक्या आवाजात म्हणाला, "पर आबांनी उटवू दिलं न्हाई." माझं डोकं यांच्या खांद्यावर होतं. ते ताठ बसले होते, आणि चांगला हात माझ्या डोक्यावर ठेवून जागत होते.