खोकी करणारी आणि खोकी तपासणारी

परवा फोनवर धाकटी नात म्हणाली, "आजी, बाहेर दुसरा धंदा करणार नाही असं आमची कंपनी लिहून घेते. कशाला गं?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. खरं उत्तर मला नव्वदच्या दशकातच सापडायला हवं होतं. तेव्हा सापडलं नाही, म्हणून आता जसं घडलं तसं क्रमाने लिहिते.

बारामतीहून इंदापूरकडे जाताना रस्त्यालगत, परदेशी द्राक्षं पाठवणारं एक पॅकहाउस होतं. तिथे मी नोकरीला होते. इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे, आणि द्राक्षं भरायची खोकी आली की ती तपासून उतरवून घेणंही माझ्याकडेच. मालकांना सगळे तात्या म्हणत. खोकी पुण्याहून यायची, आणि ऐन हंगामात कधीच वेळेवर नाही. एकदा द्राक्षं तोडून आली आणि खोक्यांचा ट्रक वाटेत बंद पडला. तात्या माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"बाई, नुसतं पुठ्ठं आणून हितंच खोकी का करत न्हाय तुमी? मशीन घ्या. शेळगावात बाया हायेत की."

मला हुरूप आला. नोकरी सांभाळून शेळगावात स्वतःच्या पैशांनी पत्र्याची शेड भाड्याने घेतली, पुठ्ठ्याला पिना मारायचं मशीन घेतलं. गावातल्या बायका कामाला आल्या. त्यांच्यात एक वयस्क मावशी होत्या. पूर्वी त्यांच्या घरी मेंढरं असत. ती गेल्यावर त्या लोकांच्या रानात खुरपायला जात. सावलीत बसून करायचं असं त्यांना मिळालेलं हे पहिलंच काम.

सकाळी शेडवर मी "आटपा, आटपा" म्हणून मागे लागायची. दुपारी पॅकहाउसवर, तात्यांनी माझ्याकडून विकत घेतलेली तीच खोकी उलटीसुलटी करून बघायची, आणि खराब निघाली तर परत पाठवायची. मावशी म्हणायच्या, "सकाळची बाई येगळी, दुपारची येगळी. दोघींची गाठ घालून द्या की एकदा." आम्ही सगळ्या हसायचो.

मग एका हंगामात माल घेणारा इंग्रज साहेब स्वतः पाहणीला आला. त्याने एका खोक्यात हात घातला आणि चटकन मागे घेतला. आत एका पिनेचं टोक वर राहिलं होतं. त्याने शांतपणे विचारलं, ही कोण बनवतं? मी म्हटलं, मी. तपासतं कोण? मीच. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"काय म्हनतोय?" तात्यांनी विचारलं. मी सांगितलं. तात्यांची छाती फुगली. "सांगा त्याला, करनारी बी ह्याच, तपासनारी बी ह्याच. घरचं मानूस हाय. यापरीस खात्री कसली पायजे?"

मी ते जसंच्या तसं सांगितलं. साहेब म्हणाला, पुढच्या हंगामात तपासणारं माणूस दुसरं हवं, नाहीतर मी द्राक्षं दुसरीकडून घेईन. तेही मी तात्यांना सांगितलं.

"माझ्या दारात येऊन माझ्या मानसाला चोर म्हनतो व्हय?"

"चोर नाही म्हणत, तात्या."

"मग काय म्हनतो?"

साहेबाचं म्हणणं मला पटत होतं आणि तात्यांचा विश्वासही खरा होता. दोघंही माझ्याच तोंडाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "तात्या, तपासणी दुसऱ्या कोणाला तरी द्या." त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग हळूच म्हणाले, "बाई, काय वंगाळ माल घेतलाय का आत? आसंल तर सांगा. मी न्हाय रागवायचा."

"तसं काही नाही हो."

"मग हात का झटकताय?"

मी जितकं समजावत गेले, तितका त्यांचा चेहरा पडत गेला. आदल्या दिवसापर्यंत त्यांच्या मनात शंका नव्हती. ती मी घातली.

तपासायला दुसरा कारकून बसवला असता, तरी तो माझ्याच हाताखालचा. शेड बंद करावी, तर मावशी पुन्हा उन्हात. शेवटी मी नोकरी सोडली. आता सगळं सरळ झालं, असं मला वाटलं.

पुढच्या हंगामाआधी निरोप आला, की बाहेरच्या सगळ्यांकडून कोटेशन मागवलंय, तुम्हीही द्या. मी गेले आणि पुण्याच्या एका खोकीवाल्याशेजारी बाकावर बसले. तात्या बाहेर आले.

"बाई, तुमी भाईर का बसलाय? आत या."

"कोटेशन द्यायला आलेय, तात्या."

ते दारात घुटमळले. पुण्याच्या माणसाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मग भाईरच बसा," ते म्हणाले. "च्या पाठवतो." चहा आला, दोघांनाही.

निम्मं काम पुण्याला गेलं, निम्मं मला मिळालं. शेडवर जाऊन सांगितलं, तेव्हा मशीन थांबवून मावशींनी विचारलं, "आत व्हता तवा समदं आपलं व्हतं. मग भाईर निघून काय मिळिवलं, बाई?"

मी म्हटलं, सांगते. आणि कोणाला कोणत्या दिवशी कामावर बोलवायचं, ते ठरवायला बसले.