वाकड्या गिटारीची पेटी

दसरा जवळ आला आणि दारोदारी झेंडूची तोरणं दिसू लागली, की हातात एकच फूल घेऊन पोलीस ठाण्यात आलेला तो माणूस मला आठवतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण मनातून जात नाही ती एका गिटारीची चोरी.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी तेव्हा घाटकोपरच्या बाजूला उपनिरीक्षक होतो. ठाण्यात शस्त्रपूजन नुकतंच आटोपलं होतं. रायफलींना हार घातलेले, ठाणे अंमलदार पेढे वाटतायत, आणि आज तरी कोणी तक्रार घेऊन येऊ नये असं आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं. तेवढ्यात पंचावन्नच्या आसपासचे एक गृहस्थ हातात झेंडूचं फूल घेऊन आले. मूळचे कोकणातले, गिरणी सुटल्यावर एका कारखान्याच्या गेटवर पहारेकरी झालेले.

"साहेब, घरातून गिटार गेली. पेटी आहे, आत गिटार नाही."

"तुम्ही वाजवता?"

"मी नाही. मुलगा वाजवायचा."

मुलगा पाच वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. कारण तीच गिटार. "ही वाकडी वस्तू तरी घरात राहील, नाहीतर तू," असं वडील रागात बोलून गेले आणि पोरगा तिला तशीच टाकून निघून गेला. तेव्हापासून वडिलांनी घरात त्याचं नाव काढू दिलं नव्हतं. पण दरवर्षी दसऱ्याला लोक आपापल्या हत्यारांना फूल वाहतात, तसं हे मुलाच्या गिटारीला वाहत. त्या सकाळी पेटी उघडली, तर आत काही नाही.

मी म्हटलं, "जुनी वस्तू आहे. एवढं काय त्यात?"

"ती न्यायला तो कधीतरी येईल ना, साहेब," ते म्हणाले. "आला आणि ती नसली, तर?"

मी कागद पुढे ओढला. भादंवि ३८०, म्हणजे घरातली चोरी, या कलमाखाली गुन्हा दाखल केला. वर्णन लिहिताना हवालदार अडला. नेहमीच्या गिटारीची कंबर दोन्हीकडून समोरासमोर असते. हिची एक बाजू वर सरकलेली आणि दुसरी खाली, जणू कोणी एका पायावर भार देऊन उभं आहे. मुलाने ती कोणा खलाशाकडून घेतली होती. हवालदाराने शेवटी लिहिलं, 'विजेवर चालणारी परदेशी गिटार एक, आकाराने वाकडी.'

घराचं कुलूप शाबूत होतं. अशा वेळी चोर माहितीतला असतो, हे शिपाईसुद्धा सांगेल. पण मी बाहेर शोधत बसलो. चौथ्या दिवशी ऑर्केस्ट्रांना सामान पुरवणारा आमचा एक खबऱ्या आला.

"साहेब, नाहूरला एक सुतार आहे ना, त्याच्याकडे सेम वाकडी गिटार बघितली. झकास पॉलिश मारतोय. उचला त्याला."

उचलला. गिटार पंचनामा करून जप्त केली. मी इतका खूश होतो, की फिर्यादीला लगेच निरोप धाडला, 'सापडली, पेटी घेऊन या.' ते धावत आले. पेटी टेबलावर उघडली, गिटार आत ठेवायला गेले, तर ती बसेना. अर्धा इंच जास्त भरत होती. त्यांनी दोनदा फिरवून पाहिली आणि हळूच बाजूला ठेवली.

"ही त्याची नाही," म्हणाले. त्यांचा चेहरा माझ्याने पाहवेना. घाई माझी होती आणि तिची किंमत ते देत होते.

ते गेल्यावर मी सुताराला समोर बसवलं. साठीचा माणूस, उभी हयात एका ओतशाळेत लाकडी साचे करण्यात गेलेली.

"खरी गिटार कुठाय? नक्कल कोणासाठी केलीस?"

"साहेब, माका विचारू नका. मी शब्द दिलंय."

मी आवाज चढवला, टेबल आपटलं. तो ढिम्म. मग मी नुसतंच डिवचलं, "एवढा मोठा कारागीर, आणि साधं माप चुकलं?"

हे मात्र त्याला झोंबलं. "माप चुकूचा नाय! पेटीच ल्हान असतली!" म्हणत त्याने जप्त सामानातली आपली पट्टी मागितली. मी ठाण्यातली पट्टी तिच्याशेजारी ठेवली. एका फुटात त्याची पट्टी सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, पुढे गेली. तो बघतच राहिला आणि मग त्याने कपाळावर हात मारून घेतला.

ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून साचा मुद्दाम मोठा करतात, आणि त्यासाठी त्यांची पट्टीच मोठ्या इंचाची असते. त्याच्याच तोंडून निघालं, की माप घेतलं होतं एका बाईच्या शिवणकामाच्या टेपने, आणि लाकूड कापलं ओतशाळेच्या पट्टीने. जन्मभराची सवय!

"वहिनी म्हणाली, नुसती दिसली की झाला," तो पुटपुटला. "पण न वाजणारी वस्तू करूची कित्याक? जुन्या गिटारीत बटणांचो गोंधळ होतो. मी दोनच ठेवलंय. वाजता पण बरी."

शिवणकाम करणारी वहिनी. फिर्यादीच्या घरी पंचनाम्याला गेलो, तेव्हा दाराशी शिलाई मशीन पाहिलेलं होतं. संध्याकाळी मी दोघा नवराबायकोला बोलावलं. सुतार बाकावर बसलेला दिसताच बाईंना रडू फुटलं.

"त्याला सोडा, साहेब. गिटार मीच दिली. मुलाला दिली. जुहूच्या एका हॉटेलात वाजवतो तो. भाड्याच्या गिटारीवर किती दिवस वाजवणार?"

पेटी दिसली नसती तर नवऱ्याला लगेच कळलं असतं, म्हणून त्यांनी गिटार चादरीत गुंडाळून नेली होती. दसऱ्याआधी नक्कल पेटीत ठेवायची, एवढाच बेत. ती बसेना, म्हणून तासायला परत धाडली, आणि दसरा उजाडला.

"तुला ठाऊक होतं तो कुठे आहे?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही नाव काढू दिलंत का? आणि त्याने शपथ घातलेली, बाबांनी विचारल्याशिवाय सांगायचं नाही. मी कोणाकोणाचं ऐकू?"

ते सुताराशेजारी बाकावर टेकले. मग म्हणाले, "म्हणजे आता तो यायचा नाही. न्यायला काही राहिलंच नाही."

गुन्हा 'क' समरीत निघाला, म्हणजे गैरसमजातून नोंदला गेला म्हणून बंद झाला. आपल्याच घरातली वस्तू आईने मुलाला दिली, यात चोरी कसली? सुताराची मी माफी मागितली आणि त्याची गिटार त्याला परत केली. फिर्यादी दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, खांद्यावर रिकामी पेटी घेऊन. "जुहूला हवा खारी. तारा गंजतील. एवढी पोचवून येतो. एकट्याने जायला धीर होत नाही, साहेब. याल?"

साध्या कपड्यात मी बरोबर गेलो. हॉटेलच्या मागच्या दाराशी वाळूत उभे राहिलो. आतून तारा जुळवल्याचा आवाज येत होता. मुलगा बाहेर आला. वडिलांना पाहून तो उंबऱ्यातच थांबला.

"पेटी राहिली होती," वडील म्हणाले. पाच वर्षांनंतर एवढेच शब्द.

मुलाने पेटीवरून हात फिरवला. आत झेंडूचं सुकलेलं फूल होतं. त्याने पेटी बंद करून पुन्हा वडिलांच्या हातात दिली.

"घरीच राहू द्या, बाबा. मी येतो न्यायला."

वस्तू हरवल्याची फिर्याद आली, की तिचं वर्णन, खूण, किंमत आम्ही लिहून घेतो. त्या दिवसानंतर मी आणखी एक विचारायला लागलो, ती वस्तू घरात कोणाची वाट पाहत होती. रकाना नसायचा, पण तपास पुष्कळदा तिथूनच सुटायचा.

तो पेटी न्यायला आला की नाही, मला ठाऊक नाही. महिन्याभरात माझी बदली झाली आणि विचारायचं राहून गेलं, याची आजही चुटपुट लागते. त्या दिवशी जुहूहून परतताना मी पेटी धरू का म्हणून विचारलं होतं. त्यांनी दिली नाही. घाटकोपरपर्यंत ती रिकामी पेटी त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरून आणली.