ज्वारीत सोडलेली वाट

मला कोणी उचललेलं आवडत नाही. लहान लेकराला उचलावं, धान्याचं पोतं उचलावं. साठीला टेकलेल्या बाईला उचलू नये. चार वर्षं होत आली, पालमच्या बाजारातून परतताना मुलाच्या मोटारसायकलच्या चाकात माझा पदर अडकला आणि मी रस्त्यावर आपटले. नांदेडला दोन ऑपरेशनं झाली, आत सळई बसली, पण उजवा पाय काही परत कामाला आला नाही. डाव्यात जोर आहे, तरी एकट्या पायानं किती ओढायचं. वॉकर धरून मी घरात फिरते, अंगणात येते. डॉक्टर म्हणाले, "एवढं जमतंय, हेच खूप समजा." मी काही तसं समजले नाही. खूप कशाला म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

घर मी माझ्या सोयीचं करून घेतलं. ओसरीपासून मोरीपर्यंत आणि तिथून पुढं संडासापर्यंत भिंतीला खुंट्या ठोकून घेतल्या आणि त्यांना बैलाचा जुना कासरा ताणून बांधला. तो धरून मी कोणाला हाक न मारता जाऊन येते. शेजारीण कासरा बघून म्हणाली, "बैल कुठं गेला वो?" म्हटलं, "बैल विकला, आता गाय फिरायलीय." ती हसून हसून बेजार झाली. शिलाई मशीनला मोटर बसवली आणि तिचं पायडल डाव्या पायाकडं घेतलं. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज आजही माझ्याच हातचे असतात, आणि उसवला म्हणून एकही परत आलेला नाही. चूल तर खालीच असते, तिला माझ्या पायाशी काही देणंघेणं नाही. बसल्या जागी मी दहा माणसांच्या भाकरी थापते. सून सुरुवातीला "आत्याबाई, राहू द्या" म्हणायची. एक दिवस मी तिच्या हातातली परातच ओढून घेतली, तेव्हापासून तिनं नाद सोडला.

पण हे सगळं उंबऱ्याच्या आत. आणि आमच्याकडं येळवस उंबऱ्याच्या आत होत नाही.

येळवस म्हणजे हिवाळ्यातली येळ अमावस्या. त्या दिवशी अख्खं गाव शेतात जेवतं. कडब्याची खोप करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, आंबील पिकावर शिंपडायची आणि मग पंगत. पूजेआधी कोणी तोंडात घास घालत नाही. वाटेनं जाणारा माणूस ओळखीचा असो नसो, त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. बाजरीचे उंडे असतात, खीर असते, पण खरा मान भज्जीचा. तेलात तळायची भजी वेगळी. ही भज्जी म्हणजे तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, शेंगदाणे, पालेभाजी, सगळं एकत्र शिजवून ताक आणि बेसन घालून घोटायचं. लग्न होऊन आले त्याच वर्षी सासूबाईंनी माझ्या हाती पळी दिली. तेव्हापासून आमच्या घरची भज्जी माझी आहे. पाय गेला तरी हात जागेवर होते, त्यामुळं भज्जी कधी चुकली नाही.

शेतात पोचायचं कसं, हा प्रश्न होता. अपघातानंतरच्या पहिल्या येळवसेला मला उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातलं. एकानं बगलेत हात घातले, दुसऱ्यानं पाय धरले. लुगडं गुडघ्याच्या वर गेलं आणि रस्त्यावरच्या सगळ्यांनी सभ्यपणे माना फिरवल्या. त्या फिरवलेल्या माना मला पायाच्या दुखण्यापेक्षा जास्त लागल्या. दिवसभर खोपीत बसले, पण घास गोड लागला नाही.

पुढच्या वर्षी मीच म्हटलं, "मी घरी राहते. माझं ताट पाठवून द्या."

पहाटे उठून भज्जी केली, पातेलं ट्रॉलीत चढताना पाहिलं आणि ओसरीवर बसले. त्या दिवशी गावात कोणी उरत नाही. कुत्रीसुद्धा माणसांमागं शेतात गेली होती. दुपार झाली, ऊन ओसरीवरून खाली उतरलं, ताट काही आलं नाही. घरात शिळी भाकर होती, पण शेतातल्या पूजेचा घास मिळाल्याशिवाय मी खाणार नव्हते. हट्ट म्हणा, रीत म्हणा. दिवस मावळताना ट्रॉली आली. सून उतरली, हातात रिकामं पातेलं, चेहरा फुललेला. म्हणाली, "आत्याबाई, समद्यांनी नाव काढलं भज्जीचं. तुमाला कशी लागली?"

मी म्हटलं, "ते तुमीच सांगा."

ती दचकून एकेकाला विचारायला लागली. मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वाटलं होतं मुलानं ताट पाठवलं. मुलाला वाटलं सुनेनं पाठवलं. सुनेनं ते लवकर घरी निघालेल्या शेजारणीला सांगितलं, असं तिला पक्कं वाटत होतं. सांगायचं राहून गेलं होतं. कोण कुठले वाटसरू बोलावून बोलावून जेवू घातले, आणि भज्जी करणारी उपाशी राहिली. सून तिथंच अंगणात बसली आणि रडायला लागली. मला तिचा राग आला नव्हता. चूक कोणा एकाची नव्हतीच. मला माझा राग आला होता. जी डोळ्यांसमोर नसते ती विसरली जाते, आणि डोळ्यांसमोरून मीच हटले होते. त्या दिवशी ठरवलं, पुढची येळवस शेतात, आणि कोणी उचलल्याशिवाय.

तालुक्याला अपंगांसाठी शिबिर झालं, तिथून तीनचाकी सायकल मिळाली. हातानं पायडल फिरवायचं, त्याच दांडीनं वळवायचं. कागदपत्रांसाठी चार खेपा झाल्या, चारही एसटीनं. एसटीच्या पायऱ्या मी बसून चढते, पाठमोरी, एकेक करून. पहिल्या खेपेला कंडक्टर मदतीला धावला. म्हटलं, "भाऊ, मला न्हाई, माझ्या वॉकरला धरा." चौथ्या खेपेला तो नुसता वॉकरसाठी हात पुढं करून उभा राहिला. शिकवलं की माणसं शिकतात.

सायकल मी शाळेच्या मैदानावर शिकले. तळहाताला फोड आले, फुटले, तिथली कातडी निबर झाली. एकदा नालीत गेले. चार बायका ओरडत धावल्या, तर मी नालीतूनच त्यांना दटावलं, "आधी ओरडणं बंद करा, मग चाक धरा." पावसाळा संपेपर्यंत मी दुकानाला, दळणाला, कोणाच्या घरी बारशाला माझी मी जायला लागले. किती दिवसांनी गावाची पलीकडची गल्ली पाहिली. तिथल्या एका घराला नवा रंग दिलेला होता, आणि मला कोणी सांगितलंही नव्हतं.

आता शेवटचा पेच राहिला. गाडीवाट आमच्या बांधापर्यंत जाते, पण ज्याच्याखाली खोप घालतो तो लिंब, म्हणजे कडुलिंब, शेताच्या मधोमध. मध्ये सगळी ज्वारी. म्हणून पेरणीच्या दिवशी मी सायकल घेऊन बांधावर हजर झाले आणि मुलाला म्हटलं, "बांधापासून लिंबापर्यंत दोन तासं सोड." तास म्हणजे पेरणीची एक ओळ. दोन ओळी रिकाम्या ठेवल्या की माझी सायकल बरोबर मावते. मी शिंप्याच्या टेपनं मोजून गेले होते.

मुलगा चिडला. "माय, चांगल्या काळ्या रानात पडीक ठेवू का? लोक हसतील. त्या दिवशी तुला बांधावरनं उचलून न्हेतो की लिंबापर्यंत."

"हसू दे. कुणी हसल्यानं ज्वारी वाळत न्हाई."

"एका दिवसासाठी?"

"एका दिवसासाठीच तर समदं वरीस करायलाव."

मालक बांधावर तंबाखू मळत बसले होते. ते घरात फार बोलत नाहीत, ती सगळी कसर मी भरून काढते. त्यांनी चिमूट ओठाखाली धरली आणि म्हणाले, "तिला यायचं हाय तर वाट पायजे. सोड." मुलानं सोडली. ज्वारी उगवली, वाढली, आणि मधोमध ती वाट अशी स्पष्ट दिसायला लागली, जशी भांग पाडलेली.

येळवसेच्या सकाळी भज्जी उतरवली, अंघोळ केली, जांभळं लुगडं नेसले. दिवस कासराभर वर आला तेव्हा सगळ्यांच्या आधी निघाले. आंबिलीचं मडकं, त्याला आमच्याकडं बिंदगं म्हणतात, ते घरच्या कर्त्या माणसानं घोंगडी पांघरून डोक्यावर न्यायचं, आणि एकदा डोक्यावर घेतलं की खोपीपाशीच उतरवायचं, वाटेत नाही. आमच्या घरात हा रिवाज काटेकोर पाळतात. तेव्हा मालक पायी निघाले माझ्या मागून, आणि त्यांच्या मागून ट्रॅक्टर.

अर्ध्या वाटेवर ओढा लागतो. हिवाळ्यात कोरडाच असतो, नुसता मुरूम आणि गोटे. उतार सरसर उतरले. पलीकडचा चढ चढताना पुढचं चाक गोट्यात रुतलं. जोर लावला तर मागची चाकं जागेवर घसरायला लागली. तेवढ्यात मालक पोचले, त्यांच्यामागं आमचा ट्रॅक्टर थांबला, त्याच्यामागं आणखी तीन ट्रॅक्टर आणि दोन बैलगाड्या. सगळ्या गावाची येळवस ओढ्यात अडली, ती माझ्यामुळं.

मुलानं खाली उडी मारली. मी मागं न बघता हात वर केला. "हात लावायचा न्हाई."

"अगं माय, मागं रांग लागलीय."

"लागू दे."

कोणीतरी मागून हॉर्न वाजवला. मालकांना मान वळवता येईना, डोक्यावर बिंदगं होतं. ते दोन्ही हातांनी मडकं धरून अख्खे मागं वळले आणि म्हणाले, "हॉर्न कामून वाजवायलाय? घाई हाय तर उडून जा." मग तसेच माझ्याकडं वळून उभे राहिले. त्यांना बिंदगं खाली ठेवता येत नव्हतं आणि मला हात लावता येत नव्हता. तेवढाच वेळ त्यांच्या मानेला ताण होता, तेवढाच माझ्या खांद्यांना.

मी सायकल हातभर मागं घेतली. सायकलला बांधलेली काठी सोडून तिनं समोरचे गोटे एकेक करून बाजूला ढकलले. सरळ चढायचं सोडून आडवं घेतलं, डावीकडं थोडं, मग उजवीकडं थोडं. पहिल्यांदा घसरले. दुसऱ्यांदा वरपर्यंत येऊन परत खाली आले, आणि मागून बायकांचा एकदम श्वास ऐकू आला. तिसऱ्यांदा दात आवळून पायडल मारलं ते सपाटीवर आल्यावरच थांबले. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, त्याबद्दल मी गावाची आभारी आहे. फक्त मालक चढून वर आले आणि शेजारून जाताना म्हणाले, "मान लय दुखायलीय. चल आता लवकर." लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढं गोड ते कधी बोलले नव्हते.

ज्वारी छातीला लागली होती. सोडलेल्या वाटेत सायकल घातली तसं दोन्ही बाजूंचं पान हातांना लागायला लागलं, आणि मला उगीचच हसू आलं. माझी वाट. मी मागितलेली, मी मोजलेली. पूजा झाली. मालकांनी आंबील शिंपडली, लिंबाच्या बाजूची दोन तासं मी शिंपडली. सुनेनं पहिलं ताट वाढलं आणि कोणालाही विचारल्याशिवाय आणून माझ्यापुढं ठेवलं. तिचे डोळे भरले होते. मी तिला हाताला धरून शेजारी बसवलं आणि म्हटलं, "बस. आज दोघी एकाच ताटात जेवू, म्हंजे कुणी कुणाला इसरणार न्हाई." मग गाडीवाटेनं कोणी तरी पायी चाललेला दिसला. पुरुषांच्या आधी मीच त्याला हाक मारली, जेवायला या म्हणून. माझा आवाज बांधापर्यंत सहज पोचतो.

यंदाची पेरणी परवाच झाली. मी बांधावर होतेच. या वेळी मला काही बोलावं लागलं नाही. मुलानं लिंबाच्या रेषेत ट्रॅक्टर थांबवला, खाली उतरला आणि म्हणाला, "माय, यंदा तीन तासं सोडायलोय."

"तीन कामून? मला दोन पुरतात."

"एक तुझ्या सोबत चालणाऱ्याला."

पोरगं मनानं चांगलं आहे, बोलायला बापावर गेलं आहे. पण रान ते रान. मी म्हटलं, "तिसरं पेर. ज्याला यायचंय त्यो माझ्या मागून येईल."